नॉर्मल ईसीजीनंतर काय?

रात्री साडेअकराला अचानक छातीत धडधडायला लागतं. श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, घाम फुटतो आणि ‘आता आपण वाचत नाही’ अशी खात्रीच पटते. घरचे रिक्षा बोलावतात. कॅज्युअल्टीत ईसीजी निघतो, नॉर्मल येतो. तोवर धडधडही बरीच उतरलेली असते. ड्यूटीवरचे डॉक्टर सांगतात, ‘‘हार्टचं काही नाही, टेन्शन घेऊ नका,’’ आणि चिठ्ठीवर ॲसिडिटीची एक गोळी व झोपताना घ्यायची अल्प्राझोलामची एक शामक गोळी लिहून देतात. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत हा प्रसंग नेहमीचा आहे. तपासणीत डॉक्टरांचं काही चुकलेलं नसतं, चुकतं ते त्यापुढे. हृदयाचं काही नाही हे खरं, पण काहीच नाही हे खरं नव्हे. त्या माणसाला नाव असलेला, ओळखता येणारा आणि बरा होऊ शकणारा आजार असण्याची दाट शक्यता असते. त्याचं नावही न सांगता त्याच्या हातात जी गोळी ठेवली जाते, ती त्या आजारावरचा उपचार नसते.

हा चिंतेच्या आजारांपैकी एक, आणि या आजारांवर दोन उपचार भक्कम पुराव्यावर उभे आहेत. एक, ज्याची भीती वाटते त्याला ठरवून, पायरीपायरीने सामोरं जायला शिकवणारा मानसोपचार. दुसरा, एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी) औषधं, पुरेशा मात्रेत आणि पुरेसे महिने. पहिला आपल्याकडे बहुतेकांच्या आवाक्यात नाही, दुसरा अर्धवट दिला जातो, आणि शामक गोळी मात्र गल्लीतल्या दुकानात मिळते. हा क्रम बदलता येतो. तो प्राथमिक आरोग्य केंद्रावरच बदलायला हवा, आणि तालुक्यातालुक्यात मनोविकारतज्ज्ञ येईपर्यंत थांबायचं कारण नाही, असं आमचं म्हणणं आहे.

आधी त्या रात्री शरीरात काय होतं ते पाहू. धोका जाणवला की ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पळायला किंवा लढायला लागणारी ही तयारी. त्या रात्रीच्या झटक्याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्यात हीच तयारी समोर धोका नसताना होते, राखणीचा कुत्रा वाऱ्याने हललेल्या पानावर भुंकावा तशी. माणूस बसल्या जागी भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि मुंग्या, चक्कर, बोटं आखडणं सुरू होतं. ऑक्सिजन कमी पडलेला नसतो, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८-९९ दाखवत असतो. पण या संवेदनांचा अर्थ माणूस ‘अटॅक आला’, ‘वेड लागतंय’ असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने संवेदना वाढतात. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हे चक्र नीट मांडून दाखवलं. आजचा पॅनिकवरचा मानसोपचार मोठ्या प्रमाणात त्याच मांडणीवर चालतो.

पॅनिकची लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि आपली आपण उतरते. हे न सांगितल्यामुळे फार नुकसान होतं, कारण त्या दहा मिनिटांत जे काही केलं त्याला श्रेय मिळतं. पाणी प्यायलो म्हणून बरं वाटलं, सोडा घेतला म्हणून गॅस सुटला, गोळी घेतली म्हणून वाचलो. अल्प्राझोलामचा परिणाम जाणवायलाच अर्धा तास तरी लागतो, तोवर लाट ओसरलेली असते. तरी माणूस पुढच्या वेळेसाठी गोळी खिशात ठेवायला लागतो, आणि गोळी घरी राहिली तर त्या आठवणीनेच छाती धडधडते.

पॅनिक हा या आजारांतला एक प्रकार. अटॅक पुन्हा येईल या धास्तीत महिनाभर किंवा जास्त काळ जात असेल, त्यापायी वागणं बदललं असेल, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. सहा महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस, कशाची ना कशाची आवरता न येणारी काळजी, सोबत अंग आखडणं, थकवा, चिडचिड, झोप मोडणं असेल तर तो सर्वंकष चिंतेचा आजार. चार लोकांत बोलताना, सही करताना, जेवतानाही लोक आपल्याला जोखताहेत अशी भीती हा सामाजिक चिंतेचा. लोकल, लिफ्ट, मंडई, रांग अशा ‘इथून पटकन सुटता येणार नाही’ वाटणाऱ्या जागा टाळत टाळत घराबाहेर पडणंच बंद होणं हा ॲगोराफोबिया. मंत्रचळ आणि आघातानंतरचा ताण हे आजार २०१३ पासून अमेरिकी वर्गीकरणात वेगळ्या गटांत गेले. त्यांचे उपचारही थोडे वेगळे आहेत, ते इथे घेत नाही.

आपल्याकडे हे आजार बहुधा शरीराच्या भाषेत सांगितले जातात. ‘जीव घाबरा होतो’, ‘पोटात गोळा येतो’, ‘डोकं जड होतं’, ‘अंगात ताकद नाही’. म्हणून काळजीचा आजार असलेली बाई अशक्तपणाची सलाईन घेऊन घरी जाते आणि पुरुष पोटाच्या डॉक्टरांकडे दुर्बीण टाकून येतो. काही जण संध्याकाळी दारूवर वेळ मारून नेतात. दारूने चार तास बरं वाटतं आणि ती उतरताना पहाटे दुप्पट धडधड होते, हे कुणी जोडून पाहत नाही.

तपासण्या कराव्यातच, पण एकदा आणि नीट. चाळिशीनंतर पहिल्यांदा छातीत दुखत असेल, दुखणं चालताना वाढून थांबल्यावर कमी होत असेल, जबड्याकडे किंवा हाताकडे जात असेल, शुद्ध हरपली असेल, तर आधी हृदयच पाहायचं. तिथे ‘हे पॅनिकच असणार’ असं कुणी गृहीत धरू नये. एरवी ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडसाठी टीएसएच एवढं बहुतेकांना पुरतं. दिवसाचा चहा-कॉफी किती, दम्याचा पंप किती वेळा, दारू केव्हा सोडली, वजन कमी करायची काही औषधं चालू आहेत का, हे विचारायला पैसे लागत नाहीत, आणि उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं. हे सगळं ठीक आलं की थांबायचं. दुसऱ्या महिन्यात टूडी इको, मग स्ट्रेस टेस्ट, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा ईसीजी, यातल्या प्रत्येक रिपोर्टने दोन आठवडे दिलासा मिळतो आणि दिलासा संपला की पुढची तपासणी हवीशी वाटते. विनाकारण केलेली तपासणी अशा माणसाला तटस्थ राहत नाही, ती आजाराला खतपाणी घालते.

आता गोळीबद्दल. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, एटिझोलाम, डायझेपाम या एकाच घराण्यातल्या किंवा त्याच पद्धतीने काम करणाऱ्या गोळ्या. मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम त्या वाढवतात. पहिल्या दिवशी त्या उत्तम काम करतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. काही आठवडे रोज घेतल्यावर मेंदू जुळवून घेतो आणि तीच मात्रा अपुरी वाटू लागते. अल्प्राझोलाम रक्तातून निम्मं व्हायला साधारण अकरा-बारा तास लागतात. त्यामुळे रात्रीच्या गोळीचा अंमल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी-संध्याकाळी नव्याने घाबरं होतं. ते असतं गोळी उतरल्याचं. माणसाला वाटतं आजार वाढला, आणि तो दुपारीही अर्धी घेऊ लागतो. कुणी घाबरून एकदम बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, पहिल्याहून जोरात चिंता उसळते, आणि मात्रा मोठी असेल तर फिट येऊ शकते. मग ‘मला ही गोळी जन्मभर लागणार’ हा निष्कर्ष पक्का होतो.

वयस्कांमध्ये धोका आणखी वेगळा. रात्री उठताना तोल जाणं, खुब्याचं हाड मोडणं, दिवसा गुंगी, विसराळूपणा. बऱ्याच घरांत आजीला ‘झोपेची गोळी’ वर्षानुवर्षं चालू असते आणि ती मूळ कुणी, कशासाठी लिहिली हे कुणालाच आठवत नसतं. दारूसोबत किंवा अफूजन्य वेदनाशामकांसोबत या गोळ्या श्वास दाबतात.

या गोळ्यांना जागाच नाही असं आम्ही म्हणत नाही. तीव्र अवस्थेतल्या माणसाला काही दिवस झोप मिळावी, किंवा एसएसआरआय सुरू करताना पहिले दहा-पंधरा दिवस सुसह्य व्हावेत म्हणून, थांबवायची तारीख चिठ्ठीवर आधीच लिहून त्या देता येतात. ब्रिटनमध्ये दोन ते चार आठवड्यांची मर्यादा बऱ्याच वर्षांपासून सांगितली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शनात २०२३ मध्ये चिंतेच्या आजारांचं स्वतंत्र प्रकरण घातलं. त्यात सर्वंकष चिंता आणि पॅनिक यांच्या उपचारासाठी या गोळ्या वापरू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. अतितीव्र त्रासात फार तर तीन ते सात दिवस.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय त्या द्यायच्या नाहीत, आणि डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध व संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर आजही पट्टी मिळते. अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक दुकानात जाण्याची गरज नाही. ठोक विक्रेत्याकडून दुकानात किती पट्ट्या गेल्या आणि रजिस्टरमध्ये किती नोंदल्या, एवढा ताळा घेतला तरी गळती कुठे आहे ते दिसेल.

याहून मोठी गैरसोय जोडगोळ्यांनी केली आहे. एस्सिटालोप्राम हे एसएसआरआय आणि क्लोनाझेपाम ही शामक गोळी एकाच गोळीत घालून सर्रास विकलं जातं. पहिलं औषध महिनोन्‌महिने घ्यायचं असतं, दुसरं काही आठवड्यांत थांबवायचं असतं. दोन्ही एकाच गोळीत असतील तर एक चालू ठेवून दुसरं कमी कसं करणार? रुग्ण बरं वाटल्यावर गोळी सोडतो तेव्हा दोन्ही एकदम सुटतात, त्रास उसळतो, आणि तो पुन्हा तीच जोडगोळी सुरू करतो. या जोड्यांवर बंदी यावी, निदान सरकारी खरेदीतून त्या बाहेर काढाव्यात.

एसएसआरआय बहुतेकदा फसतात ते सुरुवातीच्या दोन आठवड्यांत. एस्सिटालोप्राम थेट दहा किंवा वीस मिलिग्रॅमने सुरू केलं की पॅनिकच्या रुग्णाची धडधड आधी वाढते, मळमळतं, अस्वस्थ वाटतं. शरीरातल्या बारीक बदलावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारा माणूस तिसऱ्या दिवशी गोळी टाकून देतो. म्हणून पाच मिलिग्रॅम जेवणानंतर, आठवड्याने दहा. सर्ट्रालिन असेल तर पंचवीस, मग पन्नास. पहिल्या दोन आठवड्यांत थोडं जास्त घाबरं होऊ शकतं, ते निवळतं, हे चिठ्ठी देतानाच सांगायचं. फरक दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण अंदाज यायला आठ ते बारा आठवडे लागतात. बरं वाटू लागल्यावर निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करायचं. लैंगिक इच्छेवर, वीर्यपतनावर परिणाम होऊ शकतो. आपल्याकडे डॉक्टर हे विचारत नाहीत, रुग्ण सांगत नाही आणि औषध मुकाट्याने बंद होतं. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला आठवड्याने भेटून आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायचं. वयस्कांमध्ये सोडियम उतरत नाही ना ते पाहायचं. या औषधांची तलफ लागत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर, विजेच्या झटक्यासारखी संवेदना असे त्रास काही दिवस होतात, म्हणून तीही टप्प्याटप्प्यानेच.

रोज शामक गोळी घेणाऱ्यांनी हे वाचून आज रात्रीपासून ती बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या दहाव्या ते चौथ्या हिश्शाएवढी कपात, शेवटच्या पायऱ्या आणखी छोट्या. काहींना आधी डायझेपामसारख्या जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर आणून मग उतरवावं लागतं. जुनी सवय असेल तर यात सहा महिनेही जातात, आणि तसे जाऊ द्यावेत.

मानसोपचाराबद्दल आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज हा की तिथे कुणीतरी ऐकून घेतं, धीर देतं, सकारात्मक विचार करायला सांगतं. ऐकून घेणं लागतंच. पण चिंतेच्या आजारात बरं करणारा भाग कामाचा, सरावाचा आणि काहीसा घाम काढणारा असतो. डोंबिवलीचा एक माणूस समजा. दोन स्टेशनांच्या मधे लोकल थांबली असताना त्याला अटॅक आला आणि तेव्हापासून तो रेल्वेने जात नाही. पहिल्या एक-दोन भेटींत त्याच्या चक्राचा नकाशा काढायचा: काय जाणवलं, काय वाटलं, काय केलं, काय टाळलं. मग टाळलेल्या प्रसंगांची यादी, प्रत्येकाला शून्य ते शंभर भीतीचे गुण. दुपारी दोनला प्लॅटफॉर्मवर अर्धा तास बसणं, तीस. सोबत घेऊन स्लो लोकलने एक स्टेशन, चाळीस. तेच एकट्याने, पन्नास. ठाण्यापर्यंत स्लो, साठ. ठाण्यापर्यंत फास्ट, सत्तर. दादरपर्यंत फास्ट, ऐंशी. सकाळी साडेआठच्या गर्दीत दादर, पंच्याण्णव. तीस-चाळीसपासून सुरुवात, आणि एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा.

निघण्यापूर्वी वहीत भाकीत लिहायचं: ‘गाडी मधेच थांबली तर मी बेशुद्ध पडेन, खात्री ८० टक्के.’ परत आल्यावर काय झालं ते लिहायचं. भीती कमी झाली का, यापेक्षा भाकीत खरं ठरलं का, हे मेंदूला जास्त शिकवतं. पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, म्हणून शुद्ध हरपणं फार क्वचित होतं. हे डॉक्टरांनी दहा वेळा सांगितल्याने पटत नाही, दहा वेळा गाडीत बसून पटतं. अपवाद एकच महत्त्वाचा. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांचा रक्तदाब खरोखर उतरतो. त्यांना हात-पाय-पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून, वीस-तीस सेकंद सैल सोडून, असं पाच वेळा करायला शिकवून मग सुईसमोर आणतात.

दुसरा सराव संवेदनांचा. धडधडीचीच भीती असेल तर धडधड मुद्दाम आणायची: मिनिटभर जागच्या जागी धावणं, मिनिटभर भराभर श्वास, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून दोन मिनिटं श्वास, फिरत्या खुर्चीत मिनिटभर गिरक्या. हृदयविकार, दमा, फिट किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. बाकीच्यांना आधी वाईट वाटतं आणि पाचव्या-सहाव्या खेपेला ‘हे तर तेच, आणि काही होत नाही’ असं लक्षात येतं. वेगाने श्वास घ्यायच्या प्राणायामाने काहींना घाबरं होतं ते याच संवेदनांमुळे. त्यात योगाचं काही बिघडलेलं नसतं.

हा उपचार कुठे बिघडतो? भीती शिगेला असताना गाडीतून उतरलं तर मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. दुसरं, चोरटे आधार. पाण्याची बाटली, हातात घट्ट धरलेला मोबाइल, दाराजवळची जागा, खिशातली गोळी. गाडी दादरला पोचते, पण श्रेय बाटलीला जातं, म्हणून हे आधारही यादीत घालून एकेक सोडायचे असतात. सावकाश श्वास, मिनिटाला सहाएक, रोजच्या सरावाला चांगला. तोच अटॅक थांबवण्यासाठी वापरला तर तोही बाटलीच्या रांगेत बसतो. निघण्याआधी अल्प्राझोलाम घेतलं तर शिकणंच मंदावतं, हा त्या गोळीचा सगळ्यात कमी बोलला जाणारा तोटा आहे. आणि घरच्यांनी ‘चल, भीती मोडायलाच हवी’ म्हणून पहिल्याच दिवशी गर्दीच्या गाडीत कोंबलं तर तो माणूस पुढची दोन वर्षं स्टेशनकडे फिरकत नाही.

सततच्या काळजीच्या आजारात रोज ठरलेल्या वेळी, अंथरुणात नव्हे, वीस मिनिटं काळजी करायला बसायचं. दिवसभर डोक्यात येईल ते चिठ्ठीवर लिहून त्या वेळेपर्यंत पुढे ढकलायचं. बसल्यावर दोन भाग: ज्यावर उद्या काही करता येईल त्याची पुढची एक कृती लिहायची; ‘असं झालं तर?’ या भागाला उत्तर न शोधता सोडायचं. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला दिवसातून सहा फोन करणाऱ्या आईने आधी तीन करायचे, मग एक. घरच्यांनी ‘काही होणार नाही गं’ हे उत्तर एकदा प्रेमाने द्यावं. दहाव्यांदा विचारल्यावर दहाव्यांदा दिलेलं उत्तर पुढच्या अकराव्या प्रश्नाची सोय करतं.

असा उपचार आठवड्याला एक याप्रमाणे साधारण आठ ते पंधरा भेटींत होतो. सगळ्यांना गुण येत नाही. काहींना औषध आणि मानसोपचार दोन्ही लागतात, काहींना पुन्हा त्रास होतो. पण शिकलेलं हातात राहतं, गोळी संपली की ते संपत नाही.

मग प्रश्न येतो, हे करणार कोण? देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, आणि आहेत ते शहरांत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारख्या आजारांच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. २०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासाने भारतात चिंतेचे आजार असलेल्यांची संख्या साडेचार कोटींच्या आसपास धरली. एवढ्यांना तज्ज्ञ पुरवणं कुठल्याच सरकारला जमणार नाही.

उत्तर शेजारीच, गोव्यात, करून पाहिलेलं आहे. ‘संगथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली बारा सरकारी आणि बारा खासगी दवाखान्यांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्याची कसलीही पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं. रुग्णाला आजार समजावणं, भेटी, पाठपुरावा त्यांनी करायचा, गरज असेल तर डॉक्टरांनी औषध द्यायचं, आणि मागे देखरेखीला मनोविकारतज्ज्ञ. निश्चित निदान झालेल्या रुग्णांमध्ये सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत सुमारे ६६ टक्के बरे झाले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण सुमारे ४२ होतं. खासगी दवाखान्यांत फरक पडला नाही, तिथे बरे होणाऱ्यांचं प्रमाण मुळातच जास्त होतं. म्हणजे फायदा झाला तो सरकारी दवाखान्यात येणाऱ्यांचा. या प्रयोगात नैराश्य आणि चिंता एकत्र होत्या आणि मानसोपचार वर सांगितला त्या प्रकारचा नव्हता, हे सांगायलाच हवं. पण साध्या माणसांना शिकवून, देखरेख ठेवून हे काम होतं, एवढं त्यातून निश्चित कळतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत अशाच पद्धतीने काम झाल्यावर नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे चार टक्क्यांवरून सत्तावीस टक्क्यांवर गेलं.

महाराष्ट्रात काय लागेल याचा हिशेब अवघड नाही. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण तीस हजार लोक. त्यातले वीस हजार प्रौढ धरले आणि राष्ट्रीय सर्वेक्षणातलं चिंता-ताणाच्या आजारांचं साडेतीन टक्के प्रमाण लावलं, तर सातशे माणसं. एक प्रशिक्षित समुपदेशक दिवसाला पाच भेटी, महिन्यात बावीस दिवस, म्हणजे एकशे दहा भेटी करेल. माणशी आठ भेटी धरल्या तर महिन्याला तेरा-चौदा आणि वर्षाला दीडशेच्या वर माणसांचा उपचार पूर्ण होईल. सातशेंपैकी सगळे येणार नाहीत, सगळ्यांना आठ भेटी लागणारही नाहीत. निवड कशी करायची? धडधड, चक्कर, पोट या तक्रारींसाठी तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आलेल्याला जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी द्यायची. एकूण गुण एकवीस. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी नीट मुलाखत घ्यायची. चाचणी म्हणजे निदान नव्हे, पण पाच मिनिटांत पुढचं दार तरी उघडतं.

अशा योजना कशाने मरतात हेही माहीत आहे. समुपदेशक लसीकरणाच्या शिबिरात आणि ऑनलाइन नोंदी भरण्यात गुंततो. कंत्राटी पगार थकतो. आणि आठवड्याची देखरेख सर्वात आधी बंद पडते. देखरेख म्हणजे अनुभवी मानसशास्त्रज्ञाने दर आठवड्याला तासभर, फोनवर का होईना, चालू रुग्णांबद्दल बोलणं, संमतीने ध्वनिमुद्रित केलेली एखादी भेट ऐकून चुका दाखवणं. ती नसेल तर सहा महिन्यांत समुपदेशक पुन्हा धीर देण्यावर येतो, कारण समोरच्याला घाबरलेलं पाहणं कुणालाही जड जातं आणि धीर देणं सोपं असतं.

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेलीमानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची मोफत फोनसेवा मराठीत मिळते. पहिलं पाऊल म्हणून ती चांगली, पण एका फोनने आठ आठवड्यांचा सराव होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच संरक्षण देणं भाग पाडलं. बहुतेक पॉलिसी मात्र दाखल झालेल्या रुग्णाचाच खर्च देतात, आणि चिंतेचा रुग्ण क्वचितच दाखल होतो. बाह्योपचार त्यात आले नाहीत तर या रुग्णाला त्या कलमाचा काही उपयोग नाही.

आक्षेप दोन प्रकारचे येतात. पहिला डॉक्टरांचा: ओपीडीत शंभर पेशंट, माणशी तीन मिनिटं, समजावणार केव्हा? रास्त आहे, आणि म्हणूनच वेगळा समुपदेशक हवा. पण ‘हृदय ठीक आहे. याला पॅनिक म्हणतात, दहा मिनिटांत शिगेला जाऊन आपोआप उतरतं, यावर उपचार आहे, मंगळवारी अकरा नंबरच्या खोलीत या’ हे बोलायला अर्धं मिनिट लागतं, गोळी लिहायला लागतं तेवढंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सावकाराचा तगादा, नापिकी, नवऱ्याची मारहाण, सुटलेली नोकरी यातून आलेल्या भीतीला आजार म्हणून तुम्ही माणसालाच दुरुस्त करायला निघालात, असा तो आक्षेप. त्याला उत्तर उपचाराच्या आतूनच द्यावं लागेल. सामोरं जाण्याचा सराव फक्त तिथेच योग्य, जिथे धोका खरोखर नाही. संध्याकाळी दाराची कडी वाजली की जिच्या अंगाला कापरं भरतं, ती नवऱ्याच्या हातचा मार खात असेल, तर तिची भीती बरोबर आहे. ती कमी करणं तिच्या जिवावर बेतेल. तिला १८१ ही महिला हेल्पलाइन, संरक्षण अधिकारी, राहायला जागा हे आधी हवं. म्हणून समुपदेशकाच्या प्रशिक्षणात पहिल्या भेटीचा एक नियम न टाळता घातला पाहिजे: सोबत आलेल्यांना बाहेर बसवायचं, दार लावायचं, आणि घरात कुणाची भीती वाटते का, कर्ज किती आहे, जीव द्यावासा वाटतो का, हे तीन प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायचे. यादी आणि वही त्यानंतर काढायची.